मागची फळी

होडीची मोटर घ्यायला पाच माणसं आलेली त्या दुकानाच्या मालकाने जन्मात पाहिली नसावीत. लग्नाचा बस्ता बांधायला निघावं तसे मेहेंदळे शनिवारी सकाळी कलकत्त्यात एस्प्लनेडच्या मेट्रोतून वर आले आणि होड्या-लाँचांचं सामान विकणाऱ्या त्या चिंचोळ्या गल्लीत एकामागून एक शिरले. पुढे विनायकराव, शहात्तरीतले, उजवा खांदा जरा खाली पडलेला, पण चाल अजून साहेबाची. त्यांच्या मागे मुलगा अजेय, सेक्टर फाइव्हच्या ऑफिसचा फोन शनिवारीही हातातून न सोडणारा. मग पुतण्या ऋषिकेश. मग मधुवंती, अजेयची थोरली बहीण, हातात पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या छत्र्या. आणि सगळ्यात मागे ऋषिकेशची आई, पुष्पावहिनी. त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं. सकाळी त्या साडी बदलून, पर्स घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि कशाला येताय असं विचारायची कोणाची छाती झाली नाही.

विचारणार तरी कसं? होडी त्यांची होती. गजाननरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, बँकेतून निवृत्त झाल्यावर बलागढच्या सुतारांकडून ती हौसेने बांधून घेतली होती, आणि काशीपूरकडच्या एका घाटावर ती बांधलेली असे. वर्षभर रविवारी ते आणि धाकटे भाऊ विनायकराव तिच्यातून फिरत. पण तिचं खरं काम वर्षातून एकदाच. मेहेंदळ्यांचा गणपती काठावरून कधी सोडत नाहीत. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले तेव्हापासून अनंत चतुर्दशीला तो गंगेच्या मध्यावर जातो, आणि घरच्या पुरुषांनी स्वतः वल्हवत न्यायचा असतो. बायका घाटावर थांबतात. हा नियम कोणी केला हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणूनच तो कोणाला मोडता येत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी त्याच विसर्जनाहून वल्हवत परत आलेले गजाननराव आठवड्याच्या आत गेले. पुढच्या वर्षी गणपती बसवलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, विनायकरावांनी आयत्या वेळी खांदा दुखतोय म्हणून सांगितलं आणि मूर्ती बाल्कनीत, बादलीत बुडवली. ती बादली, वर तरंगणारी दूर्वा, आणि खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी जिन्यात थांबून केलेला नमस्कार, हे सगळं पाहून पुष्पावहिनी काही बोलल्या नव्हत्या. न बोलण्यात त्यांचा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतं.

यंदा विनायकरावांनीच तोड काढली. होडीला लहानशी मोटर बसवायची. गणपती पुन्हा मध्यावर जाईल.

दुकानात शिरल्याबरोबर विनायकराव खुलले. गोदीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती, मोठमोठ्या टगबोटींची इंजिनं उघडून बसवली होती. शकुन, त्यांची बायको, गेल्यापासून घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. भाजी कुठली आणायची हेसुद्धा मधुवंती परस्पर ठरवी. पण इथे लाकडी घोड्यांवर रांगेने मोटरी टांगल्या होत्या, ग्रीसचा वास होता, आणि घरची दोन पोरं तोंडाकडे बघत होती.

पोरांचं आपसात पटत नव्हतं, ही त्यात आणखी मौज. ऋषिकेशला दहा हॉर्सपॉवरची मोटर हवी होती. घ्यायचीच तर दणदणीत घ्यावी, नंतर रडत बसायला नको, असं त्याचं म्हणणं. अजेयला बॅटरीवरची हवी होती, आवाज नाही, धूर नाही, आणि किती चार्ज उरलाय ते फोनवर दिसतं. ऋषिकेश म्हणाला, गंगेच्या मधोमध चार्ज संपला की तेही फोनवर दिसेल. अजेय म्हणाला, निदान मी वाचून आलोय, कोणासारखा आकडा ऐकून आलो नाही. दोघांचीही चाळिशी आली होती, पण विनायकरावांसमोर ते अजून कॅरमच्या पाटावर भांडत असल्यासारखे भांडत.

विनायकरावांनी दोघांना हाताने गप्प केलं आणि एकेक गोष्ट निकालात काढायला घेतली. बॅटरी नको. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे पाण्याला वर्षातली मोठी ओढ. जाताना भरती संपत आलेली असते, पण आरती करून, मूर्ती सोडून परत फिरेपर्यंत ओहोटी लागते, आणि घाट राहतो प्रवाहाच्या वरच्या अंगाला. तिथे बॅटरी दमेल. दहाची मोटरही नको. एवढं वजन आणि एवढा जोर मागच्या फळीवर आला तर लाटेच्या एका हिसक्याला फळीचे सांधे ढिले होतील. पाचची घ्यायची, पेट्रोलवरची, आखूड दांड्याची. फळीची उंची त्यांनी सुतळीला गाठ मारून आणली होती, कारण टेपवर त्यांचा विश्वास होता पण टेप धरणाऱ्या ऋषिकेशवर नव्हता. मालकाने सुतळी मोटरीला लावून पाहिली आणि मान डोलावली.

"आणि माणसं तीनच," विनायकराव म्हणाले. "पूर्वी चार बसत होतो, ते वल्ह्यांवर. आता मोटर मागे, पेट्रोल मागे, चालवणारा मागे. होडीची शेपटी दबणार. चौथा माणूस घेतला तर ओहोटीचं पाणी काठावरून आत येईल."

ऋषिकेशने मोटर चालवायची. अजेयने पुढे बसायचं. मोटर बंद पडलीच तर दोघांनी वल्ही हातात घ्यायची, म्हणून गेला महिनाभर दर रविवारी विनायकरावांनी त्यांच्याकडून घाटापाशी सराव करून घेतला होता. बंद पडू शकणाऱ्या यंत्राबरोबर वल्हवू शकणारी दोन माणसं होडीत हवीतच, हा गोदीतला नियम त्यांनी त्या दोघांना इतक्यांदा ऐकवला होता की अजेय तो झोपेतही म्हणाला असता. आणि मध्ये, आडव्या फळीवर, मूर्ती मांडीवर घेऊन विनायकराव स्वतः. इतकी वर्षं मूर्ती गजाननरावांच्या हातून गंगेत जायची. आता थोरलेपण त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते त्यांना आवडत होतं, हे त्यांनी स्वतःपाशीही उघड कबूल केलं नसतं.

पुष्पावहिनी दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होत्या. मालकाने पंखा त्यांच्याकडे वळवला होता. त्या मोटरी बघत होत्या. किती लहान असतात, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच आठवलं की हे वाक्य आपलं नाही.

ते त्यांच्या यजमानांचं होतं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात गजाननराव एकटेच या गल्लीत आले होते. हृदयात स्प्रिंग बसवून वर्ष झालं होतं, जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबत होते. घरी आले ते पोरासारखे खूश. पुष्पा, एवढीशी असते ग मोटर, दुधाच्या कॅनएवढी, असं हाताने दाखवत होते. या वर्षी वल्हवायला नको, मागे बसून नुसतं हँडल धरायचं. मग त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं, कारण यंत्राचं काहीही असलं की विनूला विचारायचं हा त्यांचा शिरस्ता होता. घरातला मिक्सर बदलतानाही विचारत.

भाऊजी आले. पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा मागून घेतले. आणि म्हणाले, दादा, ती फळी मोटर पेलणार नाही. भर गंगेत सांधे सुटतील आणि गणपतीबरोबर आपणही जाऊ. गजाननरावांनी तोंड एवढंसं केलं, पण वाद घातला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाले, विनू म्हणतो म्हणजे असेल, तो इंजिनिअर आहे. आणि अनंत चतुर्दशीला वल्हं घेऊन बसले. परत आल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर त्यांना दोनदा बसावं लागलं. ओठ निळे पडले होते. पुष्पावहिनींनी पदराने वारा घातला होता, आणि भाऊजी होडी बांधता बांधता म्हणाले होते, दादाने आज कमाल केली.

त्या फळीला त्यांनी तीन वर्षं दोष दिला. बलागढच्या सुतारांना दिला, सागवान म्हणून भलतंच लाकूड दिलं असेल म्हणून. देवाला दिला. माणसाला दिला नव्हता.

आता मालक मोडक्या हिंदीत विचारत होता की होडी जुनी आहे, तर मागची फळी कशी आहे, मोटर पेलेल ना. नाहीतर लोक मोटर नेतात आणि फळी फुटली की दुकानावर येऊन भांडतात. विनायकराव हसले. गोदीत नव्या पोरांना समजावताना हसत तसं. आणि त्यांनी त्याला हिंदीत, मध्ये बंगाली घालत, सविस्तर सांगितलं. बलागढचं काम आहे. जुनं, मुरलेलं सागवान. आतून दोन्ही कोपऱ्यांत वाकड्या लाकडाचे आधार, गुडघे म्हणतात ते, ठोकलेत. आपण स्वतः खाली वाकून प्रत्येक सांधा ठोकून पाहिलाय. पाचची मोटर ती फळी अजून वीस वर्षं पेलेल, लिहून देतो.

"भाऊजी," पुष्पावहिनी म्हणाल्या. "ती फळी बदलली कधी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळपासून त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं.

"बदलली नाही, वहिनी. बदलायची गरजच नाही. पहिल्यापासून तीच आहे, आणि..."

पुढचं वाक्य विनायकरावांच्या तोंडात आलं होतं, ते तिथेच राहिलं. आपण काय बोललो हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं, मालक सोडून.

"तीच आहे," पुष्पावहिनी म्हणाल्या. "मग यांची मोटर ती का पेलणार नव्हती?"

विनायकराव म्हणाले की तेव्हाच्या मोटरी जड असत. ते इतक्या पटकन म्हणाले की अजेयनेही मान वर केली.

"नाही, काका," ऋषिकेश म्हणाला. "हेच मॉडेल होतं. बाबांनी मला फोनवर फोटो पाठवला होता. मी तेव्हा त्यांना म्हटलं, काका नको म्हणतात तर राहू दे." तो मोटरीकडे बघत बोलत होता, काकांकडे नाही. त्या वर्षी तो होडीत पुढे बसला होता, मूर्तीचा रिकामा पाट मांडीवर घेऊन, आणि त्याच्यासमोर दोन म्हातारी माणसं वल्हवत होती. वल्हं मागितलं तर विनायकराव म्हणाले होते, आम्ही असताना तुम्ही कशाला.

गल्लीतून हातगाडी गेली. मालकाला भाषा कळत नव्हती, पण गिऱ्हाइकांत काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. त्याने पोऱ्याला न सांगता स्वतःच चहा मागवला आणि काउंटरवर दोन प्रोपेलर काढून पुसत बसला.

मधुवंतीला उत्तर माहीत होतं. त्या दिवशी पोहे खाऊन बाबा घरी आले तेव्हा तिने विचारलं होतं, खरंच नाही पेलणार का हो? आणि बाबा चप्पल काढता काढता म्हणाले होते, पेलेल ग, न पेलायला काय झालं. पण गणपती काय फटफटीवर न्यायचा? शिवाय दादा मागे हँडल धरून ऐटीत बसणार आणि मी काय करू, टाळ वाजवू?

ते ती विसरली नव्हती. बाबा वाईट माणूस नव्हते. आईच्या आजारपणात त्यांनी केलेली सेवा तिने पाहिली होती. पण त्या दोन भावांत वल्ह्यावरचा जोर हा एकच असा भाग होता जिथे धाकटा थोरल्याला वरचढ होता. बँकेत मोठी जागा दादाची, पणजोबांचं घर दादाकडे, गणपती दादाच्या हातून. पण परतीच्या ओढीत दादाचं वल्हं ढिलं पडायचं आणि होडी विनूच्या जोरावर घाटाला लागायची. वर्षातून एकदा, सगळ्या घरादाराच्या देखत. ते त्यांना सोडवलं नाही. आणि सोडायचं नाही म्हणून त्यांनी फळीवर ढकललं, जिला तोंड नव्हतं.

काका गेल्यावर तेराव्याला काकू तिला म्हणाल्या होत्या, मधू, लाकूड चांगलं असतं तर माणूस राहिला असता ग. तेव्हा तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांचं नाव घेतलं नाही. आज काकूंकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती.

चहा आला. कोणी घेतला नाही. अजेयने समजुतीचं बोलून पाहिलं. काकू, आता हे इथे कशाला, घरी जाऊन बोलू, गणपती तोंडावर आलाय. तो स्वभावाने वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट पुढच्या बैठकीत ढकलायची त्याला सवय लागली होती.

"घरी काही बोलायचं नाही मला," पुष्पावहिनी म्हणाल्या. "भाऊजींकडून मला काही ऐकायचंही नाही. मोटर घ्या. फळीला भोकं पाडा. होडी माझी आहे आणि माझी ना नाही. फक्त मध्ये मूर्ती घेऊन मी बसणार."

विनायकरावांना एकदम हायसं वाटलं, कारण या मुद्द्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे बायका होडीत येत नाहीत. वडिलांच्या, आप्पांच्या वेळेपासून नाही."

"मोटरही आप्पांच्या वेळेपासून नव्हती."

मग विनायकराव म्हणाले की ठीक आहे, काळ बदलला, यावं त्यांनीही. सगळेच जाऊ. आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की सगळे जाऊ शकत नाहीत. माणसं तीनच. हे त्यांनीच तासाभरापूर्वी, याच काउंटरवर बोट आपटून सांगितलं होतं.

"मी नाही येत," अजेय लगेच म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका लपली नाही. "बाबा, तुम्ही आणि काकू बसा."

"आणि मोटर बंद पडली तर दुसरं वल्हं कोण घेणार?" ऋषिकेशने विचारलं. आता मात्र त्याने काकांकडे सरळ पाहिलं. "काका, तुमचा हात खांद्याच्या वर जात नाही."

खरं तर तो खांद्यापर्यंतही जात नव्हता. शर्ट घालताना मधुवंती बाही धरते, हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. विनायकरावांनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी घरातलं गुपित घरात ठेवेल आणि शिवाय आपली बाजूही घेईल, अशी त्यांची खात्री होती. ती नेहमी घ्यायची. भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी, अजेयशी, सगळ्यांशी ती त्यांच्या वतीने भांडत आली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मुलाने नकार दिला असता, पुतण्या उलटला असता, तरी त्यांचं एवढं काही गेलं नसतं.

मधुवंतीने छत्र्या काउंटरला टेकवून ठेवल्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही घाटावर थांबा. मी असेन ना बरोबर. मला सवय आहे."

तिने ते लागेल असं म्हटलं नव्हतं. चष्मा विसरला तर आणून देते म्हणावं, तसं म्हटलं. तेच त्यांना सहन झालं नाही. त्यांना खुर्ची हवी होती, पण दुकानातली एकुलती बसायची जागा वहिनींकडे होती, म्हणून ते काउंटरला हात लावून उभे राहिले. अजेय फोनवर काहीतरी वाचत होता आणि त्या फोनचा पडदा बंद होता.

मालकाला वाटलं की यांचं ठरलं. त्याने दोन्ही प्रोपेलर पुढे सरकवले. एकसारखेच दिसत होते, अॅल्युमिनियमचे, तीन पात्यांचे. एकाच्या पात्यांना पीळ कमी, एकाच्या जास्त. त्याने विचारलं, कोणता देऊ, वजन किती असेल?

विनायकरावांनी ते दोन्ही हातांत घेतले. जास्त पिळाचा पंखा एका फेऱ्यात लांब ढकलतो, हलक्या होडीला तो पळवतो. पण भरलेली होडी ओहोटीत वर चढवायची असेल तर त्यावर इंजिन गुदमरतं, आवाज करतं आणि जागेवरून हलत नाही. कमी पिळाचा सावकाश नेतो, पण नेतो. हे तिथल्या चौघांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं. अजेयने वाचलं असलं तरी त्याला कळलं नव्हतं. विनायकरावांच्या मनात आलं, आणि हे आलं याची त्यांना लाज वाटली नाही, की आपण जास्त पिळाचा उचलला तर मोटर परतीला अडेल, पोरं वल्ही मारून मारून घामाघूम होतील, आणि पुढच्या वर्षी सगळे आपल्याकडेच येतील, काय चुकलं ते सांगा म्हणून. त्याही वेळी आपण काहीतरी सांगू. फळी म्हणू, पाणी म्हणू.

त्यांनी दोन्ही पंखे बराच वेळ हातात धरले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचं वजन किती?"

ऋषिकेश पुढे सरकला, पण पुष्पावहिनींनी हात केला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दिराने त्यांना विचारलेला हा पहिलाच असा प्रश्न होता आणि तो कशासाठी आहे हे त्यांना कळलं होतं.

"पन्नासच्या आत," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून उतरलंय."

विनायकरावांनी मनात बेरीज केली. दोन पोरं, वहिनी, मूर्ती, मोटर, पेट्रोल. स्वतःला त्यांनी सवयीने आधी धरलं आणि मग काढलं. मग कमी पिळाचा पंखा काउंटरवर ठेवला आणि दुसरा मालकाकडे परत दिला. हाच, ते म्हणाले. आणि ऋषिकेशला सांगितलं की परत येताना मोटर एकदम फिरवायची नाही, थोडं काठाच्या कडेने यायचं, तिथे ओढ कमी असते. आवाज त्यांचा नेहमीचाच होता. ऋषिकेश हो म्हणाला. मोटर खोक्यात घालायला मालक आणि दोघे भाऊ आतल्या खोलीत गेले, आणि दुकानात पुष्पावहिनी, मधुवंती आणि ते राहिले.

पुष्पावहिनी उठल्या. त्यांना पाण्याची भीती वाटत असे. लग्न झाल्यापासून त्या घाटाच्या शेवटच्या पायरीवरही कधी उतरल्या नव्हत्या. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हत्या. पदर सारखा करून त्या विनायकरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आपल्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"पायऱ्यांवर उभे राहू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिथून काही दिसत नाही. वर, पिंपळाच्या कट्ट्याशी उभं राहायचं. तिथून होडी वळणापर्यंत दिसते. पुढे दिसत नाही. पुढे नुसतं थांबायचं."

विनायकरावांनी मान हलवली.

"तुम्हाला मोटरचा आवाज तरी येईल," पुष्पावहिनी म्हणाल्या. "आम्हाला तोही येत नव्हता."